खाकी आणि सबर

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ पाहून मुलांनी विचारले, "सर, आपणही शिकारीला जायचं?" वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणून बंदूक नव्हे, कॅमेरा! थंडीतल्या एका रविवारी फजरनंतर आम्ही कळंबा तलाव गाठला.

त्याआधी कपड्यांवर चर्चा झाली. मुलांना लष्करी ठिपक्यांचे शर्ट हवे होते. तो जवानांचा पोशाख, शिवाय नाहक खर्च. उर्दूच्या तासाचा शब्द कामी आला. खाक म्हणजे धूळ-माती, त्यावरून खाकी. एकोणिसाव्या शतकात पेशावरच्या गाइड्स पलटणीने हाच रंग अंगावर घेतला होता. घरातल्या जुन्या मातकट कपड्यांवर आमचे भागले.

एक मुलगा मात्र जुम्म्याचा पांढराशुभ्र कुर्ता घालून आला. पक्ष्यांना रंग आपल्याहून अधिक दिसतात, म्हणून त्याला झुडपाआड बसवले. बिचारा शरमून दगडासारखा बसून राहिला. खाकीवाले कुजबुजले, हात हलवले. जवळचे बगळे भुर्रकन उडाले. काळे वारकरी पक्षी मात्र पोहत त्या झुडपापाशीच आले.

त्या दिवशीचा सर्वांत चांगला फोटो पांढऱ्या कुर्त्याचा. कपडे लपवतात खरे, पण थोडेच. बाकीचे काम सबर करतो.