दुसऱ्या रकान्यातला पत्ता

ऑफिसातली माणसं 'नेट गेलंय' म्हणतात तेव्हा केबल सुटलेली असू शकते, राउटर अडकलेला असू शकतो, बाहेरची लाइनच बंद असू शकते. आणि बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. फक्त नावावरून पत्ता सापडत नसतो. हे शेवटचं दुखणं ओळखायला वेळ लागत नाही. ८.८.८.८ ला पिंग केलं तर उत्तर येतं, साइटचं नाव टाकलं तर येत नाही. पण दुखणं कुठलं ते कळलं, तरी ते आलं कुठून हे शोधायचं राहतंच, आणि या कामातला माझा सगळा जीव त्या शोधण्यात आहे.

एके काळी अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि ही जबाबदारी वाटून टाकली. ज्याचं नाव, त्यानेच त्याचा पत्ता सांगायचा. मधल्यांनी ऐकलेलं उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत जवळ ठेवायचं, म्हणजे सारखं विचारायला जायला नको. जगभरचा व्यवहार आजही या साध्या कराराच्या भरवशावर चालतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आमच्यासारख्यांना दमवतं ते मात्र हे जवळ ठेवणंच. त्यातही 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा जपून ठेवलं जातं, हे अनेकांच्या ध्यानात नसतं.

एका कारखान्याच्या ऑफिसातली गोष्ट सांगतो. "सर, मेल चालू आहे, पण टॅली उघडत नाही," अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या. शेजारच्या टेबलावर टॅली व्यवस्थित चालू होतं. दुपारपर्यंत सगळं आपोआप सुरळीत व्हायचं आणि काही दिवसांनी, एखाद्या सकाळी, पुन्हा तेच. असा येणारा-जाणारा बिघाड असला की कधी व्हायरसवर आळ येतो, कधी स्विचवर, आणि शेवटी कुणीतरी मशीन फॉरमॅट करायला निघतं.

मॅडमच्या सिस्टीमवर काळी खिडकी उघडून एनएसलुकअपने टॅलीच्या सर्व्हरचं नाव विचारलं. पत्ता बरोबर आला. लगेच खालच्या ओळीत त्याच नावाला पिंग केलं, तर होस्ट सापडला नाही! एकाच मशीनवर, एकाच मिनिटात ही दोन उत्तरं. विंडोजमध्ये एनएसलुकअप थेट यादीतल्या पहिल्या डीएनएस सर्व्हरला जाऊन विचारतो. मशीनने जवळ ठेवलेली उत्तरं तो बघत नाही. पिंग मात्र ती आधी बघतो. म्हणजे सर्व्हर बरोबर होता, चुकीचं काही असेल तर ते मशीनच्या आठवणीत होतं. जपलेल्या नोंदी छापून पाहिल्या. टॅलीच्या सर्व्हरच्या नावाखाली स्पष्ट लिहिलेलं होतं: नाव अस्तित्वात नाही.

आता हे सांगितलं कुणी? ऑफिसच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये तर नोंद होती. मग नेटवर्कची सेटिंग पाहिली. पहिल्या रकान्यात ऑफिसचा सर्व्हर, दुसऱ्यात ८.८.८.८. 'पहिला पडला तर निदान नेट तरी चालू राहील' अशा चांगल्या हेतूने कुणीतरी तो पत्ता डीएचसीपीमध्ये घालून ठेवला होता, आणि तो सगळ्या मशीन्सना वाटला जात होता. अपडेटनंतर ऑफिसचा सर्व्हर सकाळी रीस्टार्ट व्हायचा. त्या मिनिटांत जी मशीन्स नाव विचारत, ती पहिल्याकडून काहीच न आल्यामुळे दुसऱ्याकडे वळत. कारखान्याच्या आतलं नाव बाहेरच्या सर्व्हरला कुठून माहीत असणार? त्याने खरं तेच सांगितलं: असं नाव नाही. मशीनच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला.

पर्यायी डीएनएसबद्दलचा हा गैरसमज फार पसरलेला आहे. दुसरा रकाना म्हणजे दुसरं मत नव्हे. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्याला विचारलं जातं; एकदा 'नाही' आलं की पुढे कुणालाच विचारलं जात नाही. म्हणून त्या रकान्यात आतली नावं जाणणारा दुसरा सर्व्हरच हवा. बाहेरचा पत्ता द्यायचा तो ऑफिसच्या डीएनएसला, फॉरवर्डर म्हणून; मशीन्सना नाही. आम्ही तसंच केलं आणि मॅडमची तक्रार थांबली.

फ्लशडीएनएस मारलं असतं तर मॅडमचं टॅली बहुधा तिथल्या तिथे उघडलं असतं, आणि तो एकुलता एक पुरावाही पुसला गेला असता. आल्या आल्या फ्लश करण्याची सवय आमच्या धंद्यात सर्रास आहे. नव्या मुलांना मी ती लागू देत नाही. आधी जपलेल्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घ्या, मग काय ते पुसा. शिवाय उत्तर आलंच नाही, 'नाव नाही' असं आलं, की सर्व्हरला शोधताच आलं नाही, हे तीन निकाल वेगवेगळे लिहायला लावतो. पहिल्यात वाट किंवा फायरवॉल तपासायचा, दुसऱ्यात उत्तर देणारा कोण ते बघायचं, तिसऱ्यात त्या सर्व्हरच्या पुढची साखळी.

अलीकडे उलटी तक्रारही येते: पिंग लागतं, पण ऑफिसचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडत नाही. कुणीतरी ब्राउझरमध्ये 'सुरक्षित डीएनएस' म्हणून बाहेरची सेवा निवडून ठेवलेली असते. मग ब्राउझर ऑफिसच्या डीएनएसला वगळून एचटीटीपीएसमधून परस्पर बाहेर विचारतो, आणि मशीनची सेटिंग कितीही तपासली तरी त्यात खोट दिसत नाही. त्यामुळे अशा तक्रारीला गेलो की मी हल्ली काळ्या खिडकीच्या आधी ब्राउझरची सेटिंग उघडतो.