तामाच्या दफनभूमीत

तोक्योच्या पश्चिमेला तामाची मोठी दफनभूमी आहे. पहिल्यांदा गेलो तो रासबिहारी बोस यांच्या समाधीसाठी. भारतातून आलेले पाहुणे तिची चौकशी करतात. उचिमुरा कान्झो आणि त्यांचे शिष्य यानाइहारा तादाओ यांच्याही कबरी तिथेच आहेत, हे नंतर कळलं. हल्ली मी जातो तो या दोघा ख्रिस्ती माणसांसाठी.

उचिमुरा शिक्षक होते. १८९१ मध्ये, सम्राटाच्या सहीच्या शिक्षणविषयक आदेशपत्रापुढे ते पुरेसे वाकले नाहीत. नोकरी गेली.

यानाइहारा तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात प्राध्यापक, म्हणजे सरकारचेच नोकर. जुलै १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं. सप्टेंबरच्या 'चूओ कोरोन' मासिकासाठी त्यांनी लेख लिहिला, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या आधाराने. म्हणणं एवढंच, की न्याय म्हणजे काय हे राज्य ठरवत नाही. राज्यानेच न्यायाचं ऐकायचं असतं. सरकारने अख्खा लेख अंकातून काढायला लावला. पुढच्याच महिन्यात एका भाषणात ते म्हणाले, देशाचे आदर्श जगायला हवे असतील तर हा देश आधी एकदा पुरून टाका. डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला.

तुम्हाला रामशास्त्री आठवले असतील. मलाही आठवले. पण रामशास्त्री न्यायाधीश होते, निवाडा हे त्यांचं कामच होतं. संदेष्ट्याकडे असा अधिकार नसतो. आहाज राजा घाबरून अश्शूरच्या आश्रयाला निघाला, तेव्हा यशया त्याला गाठून नको म्हणाला. बंड केलं नाही, दरबारात जागाही मागितली नाही. यानाइहारांनीही राजीनाम्यानंतर स्वतःचं छोटं मासिक काढलं, 'काशिन', आणि लिहीत राहिले. युद्ध संपल्यावर विद्यापीठाने परत बोलावलं. १९५१ मध्ये ते तिथलेच अध्यक्ष झाले.

बाकीचं चर्च? बहुतेक प्रोटेस्टंट पंथ १९४१ मध्ये सरकारी दडपणाखाली एका संस्थेत आले आणि त्या संस्थेने युद्धाला साथ दिली. त्याची कबुली तिच्या अध्यक्षांच्या नावे निघाली ती १९६७ मध्ये. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

कारण मागे आमच्या तालुक्यातले एक पुढारी इथे दौऱ्यावर आले होते. मंडळाने सत्कार ठेवला. धरणात गेलेल्या आमच्या जमिनीचा मोबदला अजून मिळालेला नाही, वडील वाट बघत गेले. त्याबद्दल विचारायचं म्हणून चिठ्ठीसुद्धा लिहून नेली होती. पण शाल घालायला नेमकं मलाच पुढे केलं, आणि चिठ्ठी खिशातच राहिली. फोटो अजून ग्रुपवर आहे. त्यात मी व्यवस्थित वाकलेलो दिसतो.