तणमोर आणि आमचे बीड

गेल्या पावसाळ्यात आमच्या नातवाला शाळेत एक प्रकल्प मिळाला. नामशेष होऊ घातलेल्या पाच प्राण्यांची सचित्र माहिती जमवायची होती. नालछ्याच्या आमच्या घरी ओसरीवर तो आणि त्याचे दोन सोबती वह्या पसरून बसले आणि ओरांगउटान, काळा गेंडा, निळा देवमासा अशी नावे त्यांनी भराभर उतरवून काढली. आम्ही सहज म्हटले, "आपल्या मुलखातला एखादा घ्या की!" मुले विचारात पडली. 1617 साली जहांगीर मांडवगडी मुक्कामास असता नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ लोळविल्याची कथा त्यांना ठाऊक होती. पण आज धार जिल्ह्यात जपावे असे काय उरले आहे, हे त्यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून नाव घेऊन आला. "आजोबा, सरांनी खरमोर सांगितला." सरदारपूरचे अभयारण्य 1983 साली याच पक्ष्यासाठी झाले, आणि त्यामागे डॉ. सालिम अली यांचा आग्रह होता. पुस्तकातील चित्र पाहताच आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या, "अरे, हा तर तणमोर!" हिंदीत खर म्हणजेही गवतच. पक्षी एकच, नावेही एकाच अर्थाची. पण आमच्या घरातले नाव नातवाच्या कानी कधी पडलेच नव्हते. ते आम्ही कधी उच्चारलेच नाही, मग पडणार कसे?

मग मुलांना सारे सांगावे लागले. तणमोर पावसाळ्यात गवताळ माळावर वीण घालतो. काळाभोर नर मादीला दिसावे म्हणून गवताच्या वर पुन्हापुन्हा उडी घेतो, दिवसातून शेकडो वेळा. अंडी जमिनीवरच असतात. म्हणून गवत गेले की घरटे गेले. 2021 साली जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. अभयारण्यातल्या गावांना जमिनीच्या खरेदी-विक्रीवरील बंदी वर्षानुवर्षे सोसावी लागली, हेही आम्ही सांगितले. पक्षी वाचविण्याचे मोल कुणाला तरी चुकवावे लागते, हे मुलांना कळायला हवे.

वहीत शेवटचा रकाना होता 'कारण'. नातवाने 'शेती' लिहिले आणि विचारले, "आजोबा, आपल्याकडे पण होता का हा?" आमचे वडील सांगत, की घराण्याच्या बिडात आषाढ-श्रावणात गवतातून उडी मारणारा पक्षी दिसे. ते बीड 1980च्या सुमारास आम्हीच नांगरले. माळव्यात तेव्हा सोयाबीनचे वारे होते; मुलींची लग्ने व्हायची होती, आणि नुसते गवत राखणे परवडत नव्हते. त्या निर्णयाची आम्हांला आजही लाज वाटत नाही, परंतु तो लपवावा असेही वाटले नाही. आम्ही नातवाला म्हटले, "'शेती' खोडू नकोस. पुढे 'आमच्या घरचीसुद्धा' एवढे लिही."

त्याने ते हिंदीत लिहिले, आणि पक्ष्याच्या चित्राखाली दोन्ही नावे घातली. यंदा वरच्या अंगाच्या दोन बिघ्यांत आम्ही पेरणी केलेली नाही. तणमोर येईल अशी आशा नाही. गवत मात्र उगवले आहे, आणि रविवारी नातू तिकडे एक फेरी मारून येतो.