शंभर फ्रेमचा हिशेब

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे जेवण उरकत आले होते. आमच्या धाकट्याने दस्तरखानाच्या कडेला एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर एका ग्राफिक्स कार्डाचे नाव होते आणि किंमत, 22 हजार रुपये. म्हणाला, "अब्बा, गेम अडकतो. दुकानातला भाई म्हणाला, हे टाकलं की शंभर फ्रेम मिळतात."

आम्ही चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. "असल्या फालतू गोष्टींना आपल्याकडे पैसे नाहीत," एवढेच म्हणालो. तो उठून गेला. दोन दिवस घरात कामापुरते बोलणे.

पैसे होते, पण पोस्टातल्या आरडीत, थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी राखलेले. तिसऱ्या दिवशी थोरलीच हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, माझी फी दोन हप्त्यांत भरू. त्याला कार्ड घेऊन द्या." ते ऐकून आम्हा दोघांना रात्री झोप आली नाही. भावाचा हट्ट बहिणीने आपल्या फीतून भागवावा, अशी घडी आम्ही घरात बसवली होती काय? आणि न ऐकताच नाही म्हणणारे आम्ही तरी कोणत्या तोंडाने तिला थांबवणार होतो?

सकाळी चहा झाल्यावर धाकट्याला बोलावले. "बस. शंभर फ्रेम म्हणजे काय ते आम्हाला समजाव."

आमच्यातला एक जण शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, दुसरी घरी शिवणकाम करते. दोघांनाही कॉम्प्युटरचे ज्ञान बेताचेच. त्याने सांगितले ते असे. पडद्यावरचा खेळ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे. एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 30 आली तर खेळ चालतो, 60 आली तर गुळगुळीत चालतो. त्याच्या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात 34 येत होती.

यावर अम्मीने विचारले, "शंभर फ्रेम कोणत्या खेळात? माझ्याकडे कोणी आलं आणि विचारलं, दिवसाला किती ब्लाउज शिवता, तर मी आधी विचारीन, साधा की अस्तराचा?"

धाकटा गप्प झाला. मग हसला. दुकानदाराने खेळ विचारला नव्हता, सेटिंग विचारली नव्हती, घरचा मॉनिटर कोणता तेही विचारले नव्हते. आमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलणारा. कार्डाने शंभर चित्रे काढली तरी तो पडदा 60 हून जास्त दाखवणार नाही.

मग आम्ही तिघे वही घेऊन बसलो. एका फ्रेममागे दोघांचे काम असते. प्रोसेसर खेळात काय घडले ते ठरवून आखणी देतो, ग्राफिक्स ते चित्र रंगवतो. एक कापतो, दुसरा शिवतो, असे समजा. शिवणारा हळू असेल तर कापणारा कितीही चपळ असो, दिवसाचे ब्लाउज वाढत नाहीत. दोघांत जो सावकाश, त्याच्यावर आकडा ठरतो. म्हणून आधी शोधायचे ते हे, की आपल्या मशीनमध्ये सावकाश कोण?

त्याची तपासणी फुकटात होते. पूर्ण रिझोल्यूशनला, 1920 गुणिले 1080, चित्रात सुमारे 20 लाख 74 हजार ठिपके असतात. 1280 गुणिले 720 केले की 9 लाख 22 हजारच उरतात. ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्सचे. ते कमी करून फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स सावकाश, न वाढल्या तर प्रोसेसर. ठिपक्यांचे प्रमाण सव्वादोन पट, म्हणून 34 चे फार तर 76 होतील, त्याहून जास्त नाही, असे आम्ही वहीत लिहिले. आले 61. चित्र मात्र धुरकट झाले.

"बघा, ग्राफिक्सच कमी पडतंय. म्हणजे कार्ड हवंच!" धाकट्याचा चेहरा उजळला. त्याचे खरेही होते.

पण ते कमी का पडते? आमच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळे कार्ड नाही. रायझन 5 5600जी या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅम वापरते. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर रॅमच्या दोनपैकी एकच खाचेत 8 जीबीची स्टिक. डीडीआर4 3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी माल वाहते. दुसरी तशीच लावली तर 51.2. शिवणारी बाई चपळ, पण कापड अरुंद दारातून येत होते.

दुसरी स्टिक 2 हजारांच्या आत मिळत होती. वाट दुप्पट म्हणून फ्रेम दुप्पट होत नाहीत, बाकीचे काम तेवढेच राहते. त्याने वहीत 55 लिहिले, आम्ही 45. स्टिक लावल्यावर आले 47.

आता 60 कडे कसे जायचे? इथे दहावीच्या मुलाने आम्हाला शिकवले. फ्रेमची बेरीज-वजाबाकी करू नका, वेळेची करा. 47 फ्रेम म्हणजे एका चित्राला 21.3 मिलिसेकंद. 60 साठी 16.7 हवेत. म्हणजे 4.6 वाचवायचे. सावल्यांची सेटिंग एक पायरी उतरवली, आकडा 54 झाला, 2.8 वाचले. गाडीच्या पत्र्यावरची प्रतिबिंबे कमी केली, 59 झाला. टेक्स्चर उतरवून बरेच वाचेल असे आम्हाला वाटले होते. काहीच वाचले नाही, ते पुन्हा होते तसे ठेवले.

आणखी एक त्याला आम्ही सांगितले, ते मास्तरकीच्या अनुभवातून. वर्गाची सरासरी 60 आली म्हणजे कोणी नापास नाही असे नसते. तशीच फ्रेमची सरासरी. मधूनच एखादे चित्र उशिरा आले तर धक्का बसतो, आणि डोळ्याला सरासरी नव्हे, तो धक्का दिसतो. दुसऱ्या स्टिकने आकडा वाढला त्याहून ते धक्के कमी झाले, याचे त्याला जास्त समाधान वाटले.

थोरलीची फी जानेवारीत एकाच हप्त्यात भरली. त्या रात्री धाकटा म्हणाला, "अब्बा, कार्ड नाही म्हणालात ते नाही लागलं. फालतू म्हणालात ते लागलं." आम्ही दोघांनी त्याची माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखे झाले, पण मागायला हवी होती.

कार्डाची इच्छा त्याने सोडलेली नाही. ईदी साठवतो आहे. नवीन खेळ आला की त्याला किती फ्रेम मिळतील याचा अंदाज आधी वहीत लिहितो, मग खेळून पाहतो. बऱ्याचदा चुकतो, आणि का चुकला ते सांगायला आमच्याकडे येतो.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्याकडेही अशी चिठ्ठी कधीतरी येईल. पैसे नसतील तर नाही जरूर म्हणा, पण चिठ्ठी वाचून म्हणा. आणि दुकानात कोणी नुसता आकडा सांगितला, तर विचारा: कोणत्या खेळात, कोणत्या सेटिंगवर, आणि आमच्या घरच्या पडद्यावर किती?