तांदूळ निवडता निवडता

मैत्रिणींनो, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही हे मी दोन वर्षं घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. सासूबाई हाका मारून दमायच्या. "हिचं लक्ष कुठं असतं कोण जाणे!" म्हणायच्या. मी आपली हसून वेळ मारून न्यायची. तुम्ही म्हणाल, सांगायला काय झालं होतं? पण असं काही जिने लपवलंय तिलाच विचारून पाहा.

त्याच दिवसांत धाकटीच्या निबंधासाठी माहिती काढताना हेन्रिएटा लेव्हिट भेटली. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत नोकरी, पगार तासाला ३० सेंट. आणि बाईंना ऐकू फार कमी यायचं! पेरू देशातल्या आरेकिपाहून आकाशाच्या फोटोंच्या काचा यायच्या, त्या भिंगाखाली धरून तपासायच्या, हे तिथल्या बायकांचं काम.

त्या काचेवर आकाश पांढरं आणि तारे काळे. मला तर रव्यात मोहरी सांडल्यासारखंच वाटलं. एका रात्रीच्या अशा काचेवर दुसऱ्या रात्रीची सुलट काच ठेवायची. ज्यांचं तेज तेवढंच राहिलं ते तारे एकमेकांना झाकतात, कमीजास्त झालेला मात्र उघडा पडतो. मॅगेलनच्या दोन मेघांतून, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांतून, बाईंनी असे १,७७७ रूपविकारी तारे वेचले. ती यादी १९०८ साली छापली.

पुढे १९१२ साली धाकट्या मेघातले २५ तारे त्यांनी नीट मांडले. हे तारे फुगतात, आकसतात, तसं त्यांचं तेज वाढतं, घटतं. कुणाचा फेरा सव्वा दिवसाचा, कुणाचा १२७ दिवसांचा. आणि जेवढा तारा तेजस्वी, तेवढा त्याचा फेरा लांब! लांबच्या गावातले दिवे आपल्यापासून सारखेच दूर असतात ना, म्हणून मंद दिसणारा दिवा खरंच मंद. इथेही तसंच. फेऱ्यावरून खरं तेज कळलं, की ते इथून दिसतं किती यावरून अंतर काढता येतं. हा मेघ सुमारे दोन लाख प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या महाराष्ट्रातून तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

त्या पत्रकाखाली सही संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिटने तयार केला, असं सुरुवातीला लिहिलंय खरं. निदान नाव तरी घातलं, आपल्या लोणच्याला तेवढंही मिळत नाही!

बाई १९२१ साली कर्करोगाने गेल्या, वयाच्या ५३ व्या वर्षी. त्यांच्याच नियमाने पुढे हबलने देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे दाखवलं. १९२५ साली स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी सुचवावं म्हणून त्यांना पत्र धाडलं. त्या हयात नाहीत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

हे वाचलं त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मी सासूबाईंना सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प. मग उठल्या आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. "अगं, मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीस," म्हणाल्या.