कनेक्शन बायकोच्या नावावर होतं

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि एखादं इंजिनिअरिंगचं पोर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी कोपरखैरण्याला राहतो. नोकरी महापेला, एका डेटा सेंटरमध्ये. नेटवर्कचं काम. ठाणे-बेलापूर रोडच्या या पट्ट्यात एकेकाळी केमिकलच्या वासावरून कंपनी ओळखायचे, आता तिथे खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत आणि आत नुसते सर्व्हर. सांगायचा मुद्दा, इंटरनेट कसं चालतं हे मला जरा कळतं. तरीही हे माझ्याच घरात झालं.

भाचा आमच्याकडे शिकायला आहे, दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी गणपतीनंतर एक दिवस म्हणाला, "मामा, तुझं कनेक्शन दिवसभर नुसतं पडून असतं. मामी शाळेत, तू ड्यूटीवर. मी त्यावर एक नोड लावू का?" नोड म्हणजे डिसेंट्रलाइज्ड व्हीपीएनचा. पत्त्यांच्या कॅटएवढा एक बोर्ड राऊटरशेजारी ठेवायचा, जगातली अनोळखी माणसं आपल्या कनेक्शनमधून इंटरनेटवर जाणार आणि त्याबदल्यात आपल्याला क्रिप्टोचे टोकन मिळणार. मी विचारलं, किती? म्हणाला, "पैशांचं सोड रे, तत्त्वाचा प्रश्न आहे." (महिन्याचा हिशोब नंतर पाहिला. वडापावचा खर्च निघत होता.)

तत्त्वाचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. ते आधी सांगतो.

व्हीपीएन वापरला की तुमचा डेटा कुलूपबंद होऊन आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे बाहेर पडतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला एवढंच दिसतं की तुम्ही त्या सर्व्हरशी बोलताय. पुढच्या वेबसाइटला तुमचा पत्ता दिसत नाही, सर्व्हरचा दिसतो. म्हणजे सगळा भरवसा त्या एका कंपनीवर. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेले आयपी, इतकंच काय तर सेवा कशासाठी घेतली तेसुद्धा नोंदवून ५ वर्षं ठेवायचं. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर असतं ना, नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण, डिट्टो तेच. ऑफिसांचे स्वतःचे व्हीपीएन यातून वगळले. बाकीच्यांनी काय करायचं? तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्पष्टच सांगितलं की नियम पाळायचे नसतील तर जा. आणि कंपन्या गेल्या. जून २०२२ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढले, मग सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, सप्टेंबरमध्ये प्रोटॉन. ग्राहक इथेच राहिले, सर्व्हर फक्त देशाबाहेर गेले. ज्याला गुन्हा करायचा होता त्याचं यात काय अडलं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

भाच्याचं म्हणणं, कंपनीच नसेल तर आदेश कुणाला देणार? मिस्टेरियम, सेंटिनेल अशी नेटवर्क आहेत, तिथे सर्व्हरऐवजी हजारो लोकांची घरं असतात. बंद कुणाला करणार, रजिस्टर कुणाकडून मागणार? एकदा त्याने मला डॅशबोर्ड दाखवला. कोणत्या देशातली माणसं आपल्या नोडवरून जाताहेत ते दिसायचं. त्या दिवशी यादीत इराण होतं. २०२२ च्या आंदोलनानंतर तिथे इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप बंद केलं होतं, हे मी वाचलेलं होतं. तेहरानमधलं कुणीतरी आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलमधून बाहेरचं जग बघतंय, असं म्हणून पोरगा खूश. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मग एके रात्री माझ्यातला नेटवर्कवाला जागा झाला. राऊटरवरून जाणारे पॅकेट पकडून बघावेत म्हटलं. बघितले. आतला मजकूर दिसत नाही, तो हल्ली बहुतेक कुलूपबंदच असतो. पण कुठल्या साइटवर चाललाय त्याची नावं दिसतात. एक नोकरीची साइट. एक आजाराची माहिती देणारी, कुठला आजार ते लिहीत नाही. एक अशी, की ज्याची त्याने बघावी, आपण बघू नये. दहा मिनिटांत मी लॅपटॉप मिटला. ज्या माणसाने कंपनी बघेल म्हणून हा मार्ग धरला, त्याच्याकडे आता मी बघत होतो. कंपनीचं निदान नाव असतं, पत्ता असतो, तिच्यावर केस तरी करता येते. मी कोण? गेटवरचा वॉचमन तो मीच, आणि मला कुणी नेमलेलंही नव्हतं.

तेव्हाच बोर्ड काढायला हवा होता. काढला नाही.

दोनेक महिन्यांनी बायकोला फोन आला. "मॅडम, सायबरमधून बोलतोय, तुमच्या इंटरनेटवरून एक व्यवहार झालाय." बायको शिक्षिका आहे, डिजिटल अरेस्टच्या बातम्या तिने वर्गात वाचून दाखवल्यात. तिने "असले फोन खूप बघितलेत" म्हणून कट केला. परत आला, परत कट. मी तिला शाबासकी दिली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साध्या कपड्यातले दोन पोलीस दारात. खरे. वॉचमनने रजिस्टरमध्ये त्यांची नोंद केली होती, कारणाच्या रकान्यात "चौकशी". दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली गेलो तर अख्ख्या विंगला माहीत.

प्रकरण असं. कुणीतरी जुन्या वस्तू विकायच्या साइटवर खोटं खातं काढून एका माणसाकडून मोटरसायकलचा अॅडव्हान्स घेतला आणि पसार झाला. त्या खात्यात लॉगिन झालेल्या आयपींमध्ये एक आमचा. आयपीवरून कनेक्शन शोधलं, आणि कनेक्शन बायकोच्या नावावर. ते घेताना माझं आधार अपडेट व्हायचं होतं म्हणून तिचं दिलं होतं, बस इतकंच.

पोलीस चांगले वागले, हे सांगायला हवं. आवाज चढवला नाही. पण मी त्यांना डिसेंट्रलाइज्ड व्हीपीएन समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यातले मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही तुमचं इंटरनेट अनोळखी माणसाला वापरायला दिलं, आणि तो कोण ते तुम्हाला माहीत नाही. बरोबर?" बरोबर. यापेक्षा अचूक व्याख्या मी आजवर कुठे वाचली नाही. बोर्ड जप्त झाला, पंचनामा झाला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून हाफ डे घेऊन बायकोने चौकीत बसून साडेतीन तास जबाब दिला. भाचा बाहेरच्या बाकावर रडवेला होऊन बसलेला. बाहेर आल्यावर ती त्याला काही बोलली नाही. मला म्हणाली, "तुमच्या दोघांच्या स्वातंत्र्यासाठी सही मात्र माझी."

नंतर मी कागद वाचत बसलो, जे आधी करायला हवं होतं. आमच्या घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये लिहिलंय की कनेक्शन तिसऱ्या माणसाला वापरायला देता येणार नाही. आणि सर्ट-इनने मे २०२२ मध्ये प्रश्नोत्तरं काढली होती, त्यातल्या व्याख्येत सर्वसामान्य वापरकर्त्यांना व्हीपीएनमार्गे प्रॉक्सीसारखी सेवा देणारी कोणतीही संस्था येते. आता यात माझी बायको बसते का? बसत असेल तर इराणमधल्या त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण तिने वहीत लिहून ५ वर्षं ठेवायला हवं होतं. वकील मित्राला विचारलं, तो आधी हसला, मग म्हणाला, "हसण्यासारखं नाहीये खरं तर."

हे नवीन आहे असंही नाही. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं बिंग फुटलं. वापरणाऱ्यांचीच कनेक्शनं ते दुसऱ्या नावाने विकत होते. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस५ नावाचं जाळं तोडलं, त्यात फुकट व्हीपीएन घेतलेल्या लोकांचे १ कोटी ९० लाखांवर आयपी गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. त्या बिचाऱ्यांना तर पत्ताच नव्हता. आम्ही स्वतःच्या हाताने बोर्ड लावला होता. टॉर हे यातलं सगळ्यात जुनं आणि मानाचं नेटवर्क, तिथे टोकनबिकन काही नाही, स्वयंसेवक चालवतात. तेसुद्धा सांगतात की बाहेर पडायचं शेवटचं दार घरच्या कनेक्शनवर ठेवू नका. मधला दुवा चालवा, मग बाहेरच्या साइटला तुमचा आयपी दिसतच नाही. भाच्याने हे वाचलं होतं का? वाचलं होतं. "पण मधल्या दुव्याला टोकन नाहीत, मामा." घ्या तत्त्व.

आता कुणी म्हणेल, मग काय, सरकारचंच बरोबर? नाही हो. तेच तर म्हणत नाहीये मी.

कोपरखैरणेकरांना जुलै २०१८ आठवत असेल. २५ तारखेचा मराठा आंदोलनाचा बंद, इथे आणि कळंबोलीला झालेली जाळपोळ, आणि मग आमच्या भागातलं मोबाईल इंटरनेट बंद. एटीएमच्या रांगेत माणसं एकमेकांना विचारत होती, खरंच काय झालंय? अफवा तोंडी पसरत होत्या आणि त्या खोडायचं साधन बंद होतं. जून २०२३ मध्ये कोल्हापूरला तेच, त्याच वर्षी मराठवाड्यात तेच. अशा वेळी कुठलाच व्हीपीएन कामाचा नाही, साधा नाही की विकेंद्रित नाही. नळालाच पाणी नाही तर फिल्टर काय करणार? तिथे उपयोगी पडेल तो १० जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा अनुराधा भसीन खटल्यातला निकाल, की इंटरनेट बंदीचा आदेश जाहीर केला पाहिजे, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध कोर्टात जाता येईल. आपल्या जिल्ह्यात बंदी झाली तेव्हा तो आदेश तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला? मी पाहिलेला नाही.

पालघरच्या त्या दोन मुली आठवा, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक. त्यांना व्हीपीएनने काय वाचवलं असतं? त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, आणि ते योग्यच होतं. ज्या कलम ६६अ खाली असल्या अटका व्हायच्या, ते कलम २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात रद्द झालं. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. सरकारच्या कामाबद्दलच्या बातमीला खोटं ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. हे सगळं कंटाळवाणं काम आहे. तारखा, वकील, वर्षानुवर्षं. भाच्याच्या पिढीला बोर्ड लावणं सोपं वाटतं, याचं मला नवल नाही.

आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा? त्यात केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची सोय आहे, वर माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(जे) मध्येही बदल केलाय. म्हणजे नागरिकाचं रजिस्टर ५ वर्षं उघडं आणि सरकारी रजिस्टर मागितलं की "वैयक्तिक माहिती". ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली तिथे यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर पार्किंगच्या पुढे गाडी जात नाही.

मी स्वतः व्हीपीएन वापरतो, विकतचा. स्टेशनच्या, हॉटेलच्या फुकट वायफायवर तो लावल्याशिवाय बँकेचं काही करत नाही. तुम्हीही लावा, त्यात बेकायदा काही नाही. फुकटचा मात्र नको. आणि विकेंद्रित वापरायचा तर खुशाल वापरा, फक्त पलीकडे कुणीतरी माझ्यासारखा रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून बसलेला असू शकतो, हे धरून चाला. नोड चालवायचा असेल तर घरी नको, आणि स्वतःच्या नावावर चालवा.

प्रकरण अजून मिटलेलं नाही. परत बोलावलेलं नाही, पण मिटलं असं लेखीही कुणी दिलेलं नाही. बोर्ड मुद्देमालात आहे. ज्याचा अॅडव्हान्स गेला तो माणूस पनवेलचा असल्याचं कळलं, त्याचे पैसे मिळाले की नाही कोण जाणे. त्याचा विचार मनात येतो अधूनमधून.

परवा भाचा जेवताना हळूच म्हणाला, "मामी, टॉरचा मधला दुवा लावला तर काहीच धोका नाही गं. फुकट, एकदम समाजसेवा."

बायको भात वाढत होती. म्हणाली, "लाव की. आधी तुझ्या नावावर कनेक्शन घे."

तो आता पार्टटाइम नोकरी शोधतोय.