फुली सापडत नाही

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, डोंबिवली

मावशीकडे गेले होते. चहा टाकता टाकता तिने फोन पुढे केला. "बघ गं, बातमी उघडली की भलतंच काहीतरी येतं." बातमी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीची. पहिली ओळ वाचेपर्यंत गुडघेदुखीच्या तेलाची पट्टी मधे घुसली आणि मजकूर खाली ढकलला गेला. मग पडदाभर लाल पाटी आली: तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब साफ करा. बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी, तिळाएवढी. मावशीने पंचाहत्तरी ओलांडली आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत. मध्यंतरी बोट जरा चुकलं आणि कुठलंसं 'क्लीनर' ॲप उतरलं. तेव्हापासून लॉक उघडलं तरी आधी जाहिरात दिसायची. ते शोधून काढून टाकलं.

"मलाच जमत नाही गं हे," ती म्हणाली. या वाक्याचा मला फार राग आला. तिला जमू नये अशाच बेताने ती फुली तिथे ठेवलेली असते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ठाण्याला जाताना बसायला जागा मिळाली, त्यामुळे विचार करता आला. लोकलच्या डब्यात जाहिराती लहानपणापासून पाहतेय. बाबा बंगालीची चिकटवलेली पत्रकं, क्लासेस, घरबसल्या कमाई. पण त्या पत्रकाला मी कोण, कुठे उतरते, काल औषधाच्या दुकानात काय विचारलं, यातलं काही ठाऊक नसतं. फोनवर उलट आहे. पान उघडत असतानाच माझ्याबद्दलची माहिती जाहिरातींच्या बाजारात जाते, लिलाव होतो आणि साधारण शंभर मिलिसेकंदांत जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात माझ्यापुढे येते. मावशीला गुडघ्याचं तेल दिसलं ते उगीच नाही.

सगळ्यात चिडवणारी ती उसळून येणारी खिडकी. तिचा कोड लिहिणाऱ्यांपैकी ईथन झुकरमन यांनी २०१४ साली 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून जाहीर माफी मागितली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली, कंपनी बिथरली, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत टाकायची युक्ती निघाली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. ज्यांनी त्यावर पैसा केला त्यांच्यापैकी कोणी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज मावशीचा फोन घेऊन बसले. आधी सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' शोधलं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता भरला की फोन जाहिरातवाल्या सर्व्हरचा ठिकाणा विचारतो आणि त्याला उत्तरच मिळत नाही. जाहिरात येतच नाही, डेटाही वाचतो. यूट्यूबवर मात्र हा उपाय चालत नाही, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरून येतात. मग फायरफॉक्स टाकलं आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन. रेमंड हिल हे त्याचे कर्ते. ते देणगीही घेत नाहीत. क्रोमने मात्र एक्स्टेन्शनचे नियम बदलून मूळ यूब्लॉक बंद पाडलं, आता तिथे त्याची कमी ताकदीची आवृत्तीच चालते. जिचं पोट जाहिरातींवर आहे त्याच कंपनीने ब्राउझरचे नियम ठरवावेत, हे मला साफ चुकीचं वाटतं.

"हे चोरून करतोय का आपण?" मावशीने विचारलं. नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये शोधजाहिरातींतल्या फसवणुकीपासून सावध करताना जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन वापरा, असा सल्ला लोकांना दिला होता. आपल्याकडेही हे नवं नाही. २०१६ च्या पेजफेअरच्या अहवालात भारतात मोबाइलवर जाहिराती अडवणारे सुमारे १२ कोटी २० लाख लोक मोजले होते. जिओ त्या सप्टेंबरात आलं. त्याआधी डेटा महाग होता, आणि यूसी ब्राउझर जाहिराती गाळून तो वाचवत असे. २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात तोही गेला.

ती कोंडीची बातमी पुन्हा उघडली. मावशीने सलग शेवटपर्यंत वाचली.

बुधवार, १५ ऑक्टोबर, कल्याण

सहजानंद चौकातून जाताना वर पाहिलंच. गेल्या वर्षी २ ऑगस्टला इथे होर्डिंग कोसळून माणसं जखमी झाली होती. त्याआधी १३ मे रोजी घाटकोपरला १७ जण गेले. रस्त्यावरच्या जाहिरातीला निदान पालिकेचा परवाना लागतो, बेकायदा फलकांवरून हायकोर्ट पालिकांना फैलावर घेतं. फोनसाठीही नियम आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. बातमीच्या वेषातली जाहिरात त्यात आहे, व्हायरसची खोटी भीतीही आहे. नियम चांगले आहेत, म्हणूनच ते कागदावर राहू नयेत. मावशीच्या फोनवरच्या पाटीचा फोटो मी काढून ठेवला होता. १९१५ वर तक्रार नोंदवली.

सोमवार, २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे फडके रोडवर तरुण पोरांची हीऽऽ गर्दी. परतताना दोन दिवाळी अंक घेतले. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा जाहिरातींवरच तगली आहे. सराफ, मिठाईवाले, सहकारी बँका यांची पानं नसती तर कित्येक कथा छापल्याच गेल्या नसत्या. ती पानं मी आवडीने बघते. ती जागेवर राहतात, कथेच्या मधोमध उड्या मारत नाहीत, आणि माझी माहिती कुणाला विकत नाहीत.

म्हणून मावशीचा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: "सगळ्यांनी असंच केलं तर लिहिणाऱ्यांना पैसे कोण देणार?" आपण द्यायचे. रोज वाचते त्या दैनिकाच्या ई-पेपरची वर्गणी मी आज भरली. एका छोट्या मराठी संकेतस्थळावर जाहिराती साध्या चित्रांच्या, एका कडेला असतात. तिथे यूब्लॉक बंद ठेवलंय, मावशीच्या फोनवरही.

भाऊबीजेला तिच्या भजनी मंडळातल्या दोघी फोन घेऊन येणार आहेत. खाजगी डीएनएस कुठे सापडतं ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून काढतेय, प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ते वेगळ्या कप्प्यात असतं.